वाचनकट्ट्यासाठी पुस्तक सुचवा: बाईचं बाईवरचं प्रेम, आणि शेवटी कोणी मरत नाही असं

आरती_पाचपाखाडी

नमस्कार मंडळी,

ठाण्यात आमचा एक घरगुती वाचनकट्टा आहे. महिन्यातून एका रविवारी कोणाच्या तरी घरी जमतो. एक पुस्तक, चहा, पोहे, आणि पुस्तक न वाचता नुसते पोहे खायला आलेला निदान एक मेंबर. सगळ्यात धाकटी कॉलेजात आहे, सगळ्यात मोठे काका बँकेतून रिटायर होऊनही जमाना झाला.

मागच्या खेपेला धाकटीने विषय काढला, की आपण प्रेमाबिमाचं एवढं वाचतो, पण बाईचं बाईवरचं प्रेम असलेलं कधीच वाचलं नाही. कोणी हरकत घेतली नाही. घेतील असं मला वाटलं होतं. मग पुस्तक कोणतं यावर गाडी अडली. काका लगेच म्हणाले, 'मित्राची गोष्ट', विजय तेंडुलकरांचं नाटक. बाकीच्यांना दुसरं काही सुचेना, त्यामुळे तेच ठरल्यात जमा आहे.

या आठवड्यात मी ते पुन्हा वाचून काढलं. तेंडुलकरांबद्दल मी काय बोलणार. नाटक बांधीव आहे, मित्रा अंगावर येते. पण ती मरते. आणि मला राहून राहून वाटतंय की कट्ट्यावर या विषयाचं पहिलंच पुस्तक, त्यातली पहिलीच बाई अशी संपली, तर लोक काय घेऊन घरी जातील? "अरेरे, बिचारी." एवढंच ना?

तर सांगा, सुरुवात तेंडुलकरांपासूनच करावी, की शेवटच्या पानावर बाई जिवंत असते असं काही आहे? मराठीत असेल तर उत्तम, अनुवाद चालेल. इंग्रजी दोघातिघांना जड जातं. आणि कृपया अडीचशे पानांच्या आत. आमचे मेंबर तुम्हाला माहीत नाहीत.

खिडकीतली_सीट

रुमाल टाकून ठेवतेय. रात्री सविस्तर लिहिते.

नाना_कोपरीकर

आरतीताई, तुमच्या काकांना माझं अनुमोदन कळवा. मी ते नाटक तेव्हाच पाहिलंय. १९८१ साल. रोहिणी हट्टंगडी मित्रा झाल्या होत्या. नाटक संपल्यावर एरवी लोक बाहेर येऊन वडापावाकडे वळतात. त्या दिवशी आमच्या ग्रुपमध्ये स्टेशन येईपर्यंत कोणी बोललं नाही. मग एक जण म्हणाला, "काम छान केलं बाईने." झालं. एवढीच चर्चा.

मुद्दा असा की त्या काळात हा विषय मराठी प्रेक्षकासमोर उभा करणं म्हणजे खायचं काम नव्हतं. तुम्ही आज आनंदी शेवट शोधताय, पण आधी रस्ता कोणी पाडला ते पाहा. सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

घणसोलीची_घार

नाना, आदर राखून असहमत.

माझ्या हातात ही संहिता आली तेव्हा मी कॉलेजात होते. एकांकिकांच्या ग्रुपमधल्या सीनियरने "वाच, स्त्री-पात्राचा भारी अभ्यास आहे" म्हणून दिली होती. मला तोवर स्वतःबद्दल थोडंथोडं कळायला लागलं होतं, पण ते कोणाला सांगितलेलं नव्हतं. मी एका रात्रीत वाचलं, सकाळी पुस्तक परत केलं आणि ठरवून टाकलं की आपण तशा नाही. ते ठरवणं बरीच वर्षं टिकलं. त्या वर्षांमध्ये एका बिचाऱ्या मुलाचा साखरपुडासुद्धा झाला होता माझ्याशी.

तुमच्या कट्ट्यावर माझ्यासारखी कोणी असेल तर? धाकटीने विषय का काढला असेल, कोणी विचार केलाय का? (तिला विचारू नका म्हणजे झालं.)

आरती_पाचपाखाडी

घार, हे वाचून थांबले जरा. धाकटीला कोणी काही विचारणार नाही, याची जबाबदारी माझी.

गणिताचे_सर

चर्चा भावनेच्या अंगाने चाललीय म्हणून एक मुद्दा मांडतो. मित्राला तेंडुलकर मारत नाहीत, समाज मारतो. शोकांतिका म्हणजे शोकांत जगण्याची शिफारस नव्हे. 'घाशीराम' बघून कोणी पुण्यात कोतवाल व्हायला गेलं नाही.

घणसोलीची_घार

सर, "समाज मारतो" हे वाक्य मी मानते. पण कोतवालांची इतर शंभर नाटकं असतात, त्यामुळे एक कोतवाल मेला तर बिघडत नाही. आमच्या वाट्याला मराठी रंगभूमीवर ठसठशीत अशी एक मित्रा आली, आणि तिचं हे असं.

शिवाय ती गोष्ट सांगतो कोण? बापू. मित्रा काय वाटून घेते ते आपल्याला बापूच्या तोंडून कळतं. बापू चांगला मुलगा आहे, खोलीची चावी देतो, धावपळ करतो, पण नाटकभर तो मित्राकडे बघून चकित होत राहतो. नाटकाचं नावसुद्धा बापूच्या बाजूने ठेवलंय. आणि मित्राचं जिच्यावर प्रेम, जिच्यासाठी हे सगळं, ती नमा? नमाला काय वाटतं ते अख्ख्या नाटकात कोणी धड विचारत नाही.

खिडकीतली_सीट

घारताई, नमाबद्दलच्या वाक्याला टाळ्या. मी नाटक दोनदा वाचलंय आणि हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

डोंबलाचं_साहित्य

मराठीत 'कोबाल्ट ब्लू' आहे की. सचिन कुंडलकर. छोटी आहे, ताकदीची आहे.

खिडकीतली_सीट

डोंबलाचं, ते एकाच पुरुषाच्या प्रेमात पडलेल्या भावाबहिणीचं आहे. सुंदर आहे, पण प्रश्न काय विचारलाय? शीर्षक तरी वाचत जा.

डोंबलाचं_साहित्य

शीर्षक लांब होतं.

ऐरोली_नाका

माझं मत 'रजई'ला. इस्मत चुगताईंच्या कथांचा कविता महाजनांनी केलेला मराठी अनुवाद. त्याला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कारही मिळाला. त्यातली ती प्रसिद्ध कथा, मूळ उर्दू 'लिहाफ', १९४२ची. बेगमजान, तिची मालिश करणारी रब्बो, आणि भिंतीवर रजईच्या सावलीचा हत्ती बघणारी छोटी मुलगी. लाहोरच्या कोर्टात अश्लीलतेचा खटला चालला, आणि कथेत अश्लील शब्द दाखवा म्हटल्यावर साक्षीदारांना एकही दाखवता येईना. सुटल्या. उर्दू कथाकार मंटोवरचा खटलाही तेव्हाच होता, दोघं लाहोर फिरून आले त्या निमित्ताने.

सात-आठ पानांत काम होतं. नुसते पोहे खाणारेही वाचून येतील.

मनवा_कळवा

'रजई' जरूर वाचा, पण त्यात बेगमजान त्या लहान मुलीशी जे वागते ते वाचताना मला शिसारी आली होती. रब्बो गावाला गेल्यावरचा तो भाग. कट्ट्यावर कोणीतरी म्हणणारच, "बघा, या बायका अशा." मग आरती काय उत्तर देणार?

ऐरोली_नाका

रास्त शंका. माझ्या मते ती कथा "प्रेम" म्हणून वाचायचीच नाही. ती कोंडलेल्या बाईची कथा आहे. नवाबाने लग्न करून तिला सामानासारखं घरात ठेवलं आणि स्वतः तरुण पोरांच्या घोळक्यात रमला. बेगम त्या हवेलीतली सगळ्यात दुबळी, आणि पोरीसमोर मात्र सगळ्यात ताकदवान. चुगताई तिला माफही करत नाहीत आणि तिची कीव करायचं टाळतही नाहीत. हे एका तासात बोलता आलं तर कट्टा सफळ.

अजून एक. चुगताईंनी आत्मचरित्रात लिहिलंय की जिच्यावरून ही कथा सुचली त्या बेगम त्यांना नंतर एका समारंभात भेटल्या. चुगताईंची पाचावर धारण बसली. पण बेगमने नवाबाला सोडून दुसरं लग्न केलं होतं, मुलगा झाला होता, आणि तिने यांना मिठीच मारली. म्हणजे खरी बेगमजान मेली नाही, कुढली नाही, उठून चालू लागली.

घणसोलीची_घार

उठून चालू लागली, पण दुसऱ्या नवऱ्याकडे. दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या.

सत्यवादी_१

हे सगळं पाश्चात्य फॅड आहे. आपल्या संस्कृतीत असले प्रकार नव्हते. ठाण्यासारख्या सुसंस्कृत शहरात वाचायला दुसरी पुस्तकं संपली का?

ऐरोली_नाका

वर १९४२ लिहिलंय. अलीगढमधली बाई, उर्दूत. पाश्चात्य म्हणजे वाशीच्या पश्चिमेला का?

खिडकीतली_सीट

पॉपकॉर्न.

सेक्टर_सतरा

सत्यवादी, मी सत्तावन्न वर्षांची आहे, वाशीत राहते, देवपूजा करते. मला विचारा "आपल्या संस्कृतीत" काय नव्हतं. माझ्या आजोळी दोन बायका एकाच खोलीत आयुष्यभर राहिल्या, एक बालविधवा आणि एक माहेरी परत पाठवलेली. त्यांच्यात काय होतं ते मला ठाऊक नाही आणि विचारायचा मला हक्कही नव्हता. पण एक गेल्यावर दुसरीने पांढरं पातळ नेसलं. घरातल्या कोणीच त्यावर अवाक्षर काढलं नाही. त्या गप्प बसण्यालाच तुम्ही संस्कृती म्हणत असाल तर गोष्ट वेगळी.

मनवा_कळवा

सेक्टर_सतरा, नमस्कार घ्या माझा.

गणिताचे_सर

यावरून आठवलं. जात्यावरच्या ओव्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या गटाने गावोगाव फिरून लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. त्यात मैत्रिणीवरच्या ओव्या भरपूर आहेत. जिवाभावाच्या सखीला भेटायची ओढ, तिच्या गावची वाट, लोकांची बोलणी. त्या या अंगाने वाचता येतील का?

घणसोलीची_घार

वाचता येतील, पण सांभाळून. माझ्या आजीच्याही ओव्या होत्या मैत्रिणीवर, आणि तिचं त्या मैत्रिणीवर फक्त मैत्रिणीचंच प्रेम होतं, तेही इतकं की आजोबांना पत्ता नसायचा ती कुठे गेलीय याचा. सासुरवाशिणीला दळता दळता बोलायला एक जात्याचा दगड आणि एक मनातली मैत्रीण, एवढंच तर होतं. प्रत्येक सखीला आपल्यात ओढायचं नाही. पण प्रत्येक सखी "नुसती मैत्रीणच" होती असं छातीठोक सांगणाऱ्यांनाही मी विचारीन, तुम्ही होता का तिथे?

संपादक

सत्यवादी_१ यांचे नंतरचे दोन प्रतिसाद वैयक्तिक शेरेबाजीमुळे काढले आहेत. विषयावर बोला. डुआयडी (दुसऱ्या नावाचं खातं) काढून परत येऊ नये, ओळखता येतं.

खिडकीतली_सीट

आले एकदाची. जेवण, भांडी, सगळं आवरून.

आरती, तुला अडीचशे पानांत जिवंत बायका हव्यात ना, तर विजयदान देथांची 'दोहरी जून' घे. मूळ राजस्थानी, हिंदीत सहज मिळते. दोन शेठ एकमेकांना शब्द देतात की आपल्या मुलांची लग्नं लावू. दोघांनाही मुली होतात. एक शेठ हुंड्याच्या लोभाने मुलीला मुलगा म्हणून वाढवतो. लग्न लागतं. पहिल्या रात्री बीजा आणि तीजाला कळतं की आपण दोघी बायका. आणि त्या म्हणतात, मग काय झालं?

गाव पेटून उठतं. दोघी पळून रानातल्या भुतांच्या आश्रयाला जातात. भुतं गावापेक्षा सज्जन निघतात! पुढची गंमत ऐक. भुताच्या कृपेने बीजा पुरुष होते. आणि पुरुष झाल्याबरोबर तिला हुकूम सोडायची, मालकी गाजवायची हुक्की येते. शेवटी तिलाच आपली लाज वाटते आणि ती परत बाई व्हायचं मागून घेते. दोघी सुखाने राहतात. कोणी मरत नाही. लोककथेच्या चालीवर लिहिलंय, काकासुद्धा हसत वाचतील.

नाना_कोपरीकर

ही मला ठाऊक नव्हती. पुरुष झाल्यावर बिघडते, हे काही आवडलं नाही. (हलके घ्या.)

मनवा_कळवा

नानी काय म्हणतात यावर?

नाना_कोपरीकर

नानी म्हणतात, त्यात आश्चर्य काय.

कोकण_भवन

सगळे हिंदी-उर्दूत गेले म्हणून सांगतो, एक नाव आपल्या घरचं आहे. सुनीती नामजोशी. १९४१ साली मुंबईत जन्म, आई फलटणच्या राजघराण्यातल्या. आयएएस झाल्या, नोकरी सोडली, परदेशात गेल्या, आणि उघडपणे लेस्बियन म्हणून इंग्रजीत लिहू लागल्या. त्यांचं 'फेमिनिस्ट फेबल्स' १९८१ सालचं आहे. पंचतंत्र, इसाप, अँडरसन सगळ्यांना उलटंपालटं करून एकेका पानाच्या गोष्टी.

साल बघितलंत का? १९८१. ज्या वर्षी मित्रा इथे रंगमंचावर मरत होती त्याच वर्षी एका मराठी आडनावाची बाई तिकडे मिश्किलपणे गोष्टी सांगत होती. फक्त इंग्रजीत होत्या, म्हणून आपल्यापर्यंत पोचल्या नाहीत.

आता ठाणेकरांसाठी खास. त्याच सुनीती नामजोशींनी आईबरोबर, सरोजिनी नामजोशींबरोबर, गोविंदाग्रजांच्या कवितांचा इंग्रजी अनुवाद केलाय, १९६८ साली. गोविंदाग्रज म्हणजे राम गणेश गडकरी. ज्यांच्या नावाच्या रंगायतनासमोर तुम्ही मंडळी रविवारी मसाला दूध पिता.

ऐरोली_नाका

काय सांगता! मी लहानपणापासून गडकरीला बालनाट्यं बघतोय आणि हे आज कळतंय.

डोंबलाचं_साहित्य

यांचंच एक गायीचं पुस्तक आहे ना?

कोकण_भवन

हो, 'कॉन्व्हर्सेशन्स ऑफ काऊ', १९८५. त्यात भद्रावती नावाची एक गाय येते. ब्राह्मण आहे आणि लेस्बियन आहे. निवेदिकेला रूपं बदलून बदलून छळते.

डोंबलाचं_साहित्य

गाय, ब्राह्मण आणि लेस्बियन. एकाच पात्रात तीन वेळा भावना दुखावायची सोय. आरतीताई, हेच घ्या.

आरती_पाचपाखाडी

हसून हसून पोट दुखलं. पण इंग्रजीची अडचण आहेच. नामजोशींच्या एक-एक पानाच्या दोनतीन गोष्टी मीच तोंडी सांगितल्या तर? तेवढं जमेल.

अवांतर: जागेचा प्रश्नही आहे. या वेळी माझ्याकडे पाहुणे आहेत. तलावपाळीवर बसायचं तर गोंगाट, आणि कॅफेत बसायचं तर दर माणशी एका कॉफीत आमच्या महिन्याभराचे पोहे होतात.

मनवा_कळवा

उपवनला सकाळी लवकर जा. आठनंतर सेल्फीवाले येतात.

खिडकीतली_सीट

अवांतराला अवांतर: ट्रान्स-हार्बर लोकलच्या लेडीज डब्यात मी 'फेसिंग द मिरर' वाचत होते. अश्विनी सुखठणकरांनी संपादित केलेला, भारतातल्या लेस्बियन बायकांच्या लिखाणाचा १९९९चा संग्रह. कव्हर घातलं नव्हतं. तुर्भ्याला शेजारच्या काकूंनी वाकून नाव वाचलं. मी मनात तयारी करून बसले. त्या म्हणाल्या, "स्किनकेअरचं आहे का?" मी म्हटलं, हो, तसंच काहीसं.

घणसोलीची_घार

तुझं बरं होतं. मी कॉलेजात असताना असल्या पुस्तकांवर एमपीएससीच्या गाइडचं कव्हर चढवायचे. घरात सगळ्यांना वाटायचं पोरगी कलेक्टर होणार.

पण 'फेसिंग द मिरर'चं एक महत्त्वाचं. त्यात कितीतरी बायकांनी टोपणनावाने लिहिलंय. वर्ष लक्षात घ्या. १९९८च्या डिसेंबरात 'फायर' या दोन बायकांच्या प्रेमावरच्या सिनेमावरून मुंबईत थिएटरांची तोडफोड झाली होती, आणि पुढच्याच वर्षी हे पुस्तक. त्याच्या आधी, १९९५ पासून, मुंबईत 'स्त्री संगम' नावाचा गट होता, पुढे त्याचं 'लेबिया' झालं. त्यांचं 'स्क्रिप्ट्स' नावाचं घरगुती नियतकालिक निघायचं. बायकांनी आपल्याआपल्यात लिहिलेलं, छापलेलं, हातोहात वाटलेलं. प्रकाशकाच्या दारात कोणी उभं राहिलं नाही. मला एका मैत्रिणीकडे त्याचा एक जुना अंक वाचायला मिळाला. साहित्य म्हणून बघाल तर काही कविता चक्क भिकार होत्या. पण त्यात कोणी मरत नव्हतं. घरभाडं, भांडणं, एकीला मांजर हवं दुसरीला नको. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की हे आपल्याला जमेल.

गणिताचे_सर

पण मग वाङ्मयीन दर्जाचं काय? भिकार कविता आणि तेंडुलकर एकाच पंगतीला बसवायचे का?

घणसोलीची_घार

बसवू नका. पण मला जगायला तेंडुलकर उपयोगी पडले नाहीत, त्या भिकार कविता पडल्या. दर्जा तुम्ही ठरवा.

मनवा_कळवा

सर, याच्यावर एक उदाहरण देते. अमेरिकेत पन्नासच्या दशकात अशा विषयाच्या स्वस्त पेपरबॅक कादंबऱ्या धो धो खपत, पण शेवटी त्या बायकांना आत्महत्या, वेड किंवा नवरा, यांतलं काहीतरी द्यावंच लागे. पॅट्रिशिया हायस्मिथने १९५२ साली 'द प्राइस ऑफ सॉल्ट' लिहिली, तीही टोपणनावाने, आणि दोघींना तिने जिवंत आणि एकत्र ठेवलं. तिला वाचकांची ढीगभर पत्रं आली. चांगल्या लेखिकेची चांगली कादंबरी आहे, पण पत्रं शेवटासाठी आली होती. 'कॅरोल' सिनेमा त्याच्यावरूनच. म्हणजे आरतीचा प्रश्न काही बालिश नाही.

सेक्टर_सतरा

मी पुन्हा लिहितेय, कारण काल लिहायचं ते राहूनच गेलं.

माझ्या लेकीने मला काही सांगायच्या आधी एक पुस्तक डायनिंग टेबलावर आणून ठेवलं. अमृता पाटील यांचं 'कारी', २००८चं. चित्रांचं पुस्तक, म्हणून मला वाटलं भाच्यासाठी आणलंय. दुपारी चाळायला घेतलं. सुरुवातीलाच दोन मुली इमारतीवरून उडी मारतात. माझं काळीजच हललं. पण त्या वाचतात! एक जाळीत पडते आणि देश सोडून निघून जाते, दुसरी, कारी, गटारात पडते आणि त्या गटारामुळे वाचते. मग ती मुंबईत जाहिरातींच्या ऑफिसात कामाला जाते, भाड्याच्या घरात मैत्रिणींबरोबर राहते, एका आजारी बाईची सोबत करते. बस. एवढंच. अर्धं मला कळलं नाही.

संध्याकाळी लेक आली तेव्हा मी तिला विचारलं, "ती गटारात पडली तर तिला इन्फेक्शन कसं झालं नाही?" ती बघतच राहिली. मग आम्ही त्यावर बोललो, मग हळूहळू बाकीच्यावर. मला वाटतं तिने 'मित्राची गोष्ट' आणून ठेवलं असतं तर मी घाबरून तिच्या मावशीला फोन केला असता, आणि मावशीने स्थळं बघायला घेतली असती.

घणसोलीची_घार

काकू, तुमच्या लेकीला माझ्याकडून सांगा, पुस्तकाची निवड उत्तम.

नाना_कोपरीकर

सेक्टर_सतरा ताई, तुमचा प्रतिसाद नानीला वाचून दाखवला. तिलाही इन्फेक्शनचाच प्रश्न पडला.

मनवा_कळवा

आणखी एक बाजू राहतेय. आपण आतापर्यंत बोललो ती पुस्तकं हवेल्यांमधली, कॉलेजांमधली, जाहिरात कंपन्यांमधली. माया शर्मांचं 'लव्हिंग विमेन' आहे, २००६चं, कष्टकरी बायकांशी बोलून लिहिलेलं. रोजगार, घर, जात, नवऱ्याची मारहाण, आणि या सगळ्यात एका बाईने दुसरीचा धरलेला हात. त्या बायका स्वतःला कुठलंच नाव देत नाहीत. मी कळव्याला राहते, आमच्या चाळीत इंग्रजी पुस्तक आणून टेबलावर ठेवायला मुळात टेबल लागतं. हे टोमणा म्हणून नाही, काकू.

सेक्टर_सतरा

टोमणा वाटला नाही. खरंच आहे.

कोकण_भवन

मराठीत यातलं काही येतं ते कडेकडेनेच येतं. 'उंबरठा' सिनेमा आठवा, १९८२. शांता निसळांच्या 'बेघर'वरून. महिलाश्रमातल्या दोन बायकांचं नातं त्यात येतं, आणि ते सगळ्यांच्या दृष्टीने आश्रमापुढचं एक संकट असतं. स्मिता पाटीलची अधीक्षक बाई इतरांपेक्षा समजुतीने घेते, पण तिलाही तो उपचारांचा विषय वाटतो. पटकथा पुन्हा तेंडुलकरांचीच.

गणिताचे_सर

म्हणजे दोन्ही वेळा तेंडुलकर. बाकीचे मराठी लेखक काय करत होते?

डोंबलाचं_साहित्य

कोकण आणि पावसावर लिहीत होते.

ऐरोली_नाका

पुस्तकं मिळवायचं म्हणाल तर, ठाण्यात १८९३ पासून मराठी ग्रंथ संग्रहालय उभं आहे आणि आपण इथे इंटरनेटवर विचारतोय. 'रजई' आणि तेंडुलकरांची नाटकं आधी तिथे बघा. काउंटरवर नाव मोठ्याने सांगायचा संकोच वाटत असेल तर दोन्हींची नावं सोज्वळ आहेत, कोणाला काही कळणार नाही.

आरती_पाचपाखाडी

सगळ्यांचे आभार. काकांशी फोनवर बोलले. ते आधी जरा खट्टू झाले, मग मी त्यांना भुतांची गोष्ट सांगितली तेव्हा खूष. तर असं ठरतंय: या महिन्यात 'दोहरी जून' आणि 'रजई'मधली ती एकच कथा. एकीत गाव पळवून लावतं आणि भुतं सांभाळतात, दुसरीत हवेली कोंडून ठेवते. मध्ये नामजोशींच्या गोष्टी मी सांगेन. 'मित्राची गोष्ट' पुढच्या महिन्यात. काढून टाकायचं नाही, पण पहिलं नको, हे मला या धाग्यावर पटलं.

घार, तू येशील का? घणसोलीहून ठाणे काही लांब नाही. "आमच्याकडे एक खरीखुरी आली" असं कोणी करणार नाही.

घणसोलीची_घार

या महिन्यात जमणार नाही, घर बदलतेय. आम्ही दोघी आणि दोन मांजरं. (मांजर हवं-नकोचा प्रश्न आमच्याकडे असा सुटला.) "दोघी बहिणी का?" असं विचारणारे ब्रोकर भेटून झाले. शेवटी एका घरमालकीणबाईंनी फक्त भाडं वेळेवर द्याल का एवढंच विचारलं.

'मित्राची गोष्ट'ला मात्र येईन. एक अट. नाटक आहे तर मोठ्याने वाचायचं. आणि आधी एकदा बापूची निवेदनं गाळून वाचायचं, फक्त मित्रा आणि नमा समोरासमोर असतात तेवढंच. बघू या, बापू मध्ये नसला तर या दोघी एकमेकींशी काय आणि किती बोलतात.

नाना_कोपरीकर

अहो, बापू गाळला तर नाटक वीस मिनिटांत संपेल!

घणसोलीची_घार

तेच तर बघायचंय, नाना.

नाना_कोपरीकर

बरं. मला बोलावणार असाल तर मीही येतो. नानी नमाचं वाचेल म्हणते. मी पांडे करतो, त्याच्याकडे कोणाचंच लक्ष नसतं.